पार्किंगमधला ३ एचपीचा कॉम्प्रेसर, वरच्या काकू आणि आवाज कोंडायचा डबा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. नाशिकच्या सिडकोत एका बंगल्याच्या खालच्या पार्किंगमध्ये प्रश्न विचारणाऱ्या भावाचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, बेल्टवाला ३ एचपीचा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर आहे, १६० लिटरची टाकी. वर घरमालकीण काकू राहतात आणि त्यांनी शेवटचं सांगितलंय की आवाज बंद कर नाहीतर जागा बघ. म्हणून याने १२ एमएम प्लायचा डबा केला, आतून अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवला, खाली ट्रकच्या टायरचे तुकडे टाकले. आवाज होता तेवढाच राहिला, आणि वर आता २५ मिनिटांत मोटर ट्रिप होते. तर काय चुकलं, असं विचारलंय.

भावा, राग मानू नकोस पण जवळजवळ सगळंच चुकलंय, आणि यात तुझा एकट्याचा दोष नाही, हे अंड्याच्या ट्रेचं भूत मी अंबडला चांगल्या चांगल्या कारखान्यांत बघितलंय. मी स्वतः बावीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय, त्यातली दहा-बारा वर्षं जनरेटर, ब्लोअर, कॉम्प्रेसर यांचे डबेच जास्त. त्यावरून एकच गोष्ट सांगतो, डबा हे शेवटचं काम आहे. आपण ते पहिलं करतो कारण ते दिसतं, आणि करायला मजा पण येते.

पहिलं काम म्हणजे काकूंना नेमका कुठला आवाज जातोय ते शोधायचं. तू पार्किंगमध्ये उभा राहून जो ऐकतोस तो आणि त्यांच्या किचनमध्ये जो पोचतो तो, हे दोन वेगळे आवाज आहेत. मागे पाथर्डी फाट्याला असंच एक काम होतं, खाली कॉम्प्रेसर वर घर. मी वर गेलो, ओट्यावर स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि खाली फोन करून मशीन चालू करायला लावलं. पाण्यावर बारीक बारीक गोल वलयं उठली, आणि मांडणीवरचे दोन पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले. कान बंद केले तरी दिसत होतं. म्हणजे हवेतून येणारा आवाज नंतरचा, आधी हादरा भिंतीतून वर चढत होता. त्याला कितीही जाड डबा घातला असता तरी पेले वाजतच राहिले असते. तिथे दोष निघाला हवेच्या लोखंडी जीआय पाइपचा, कॉम्प्रेसरपासून सरळ भिंतीवर क्लॅम्प मारत नेलेला आणि ती भिंत नेमकी किचनखालची. कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये दोन फुटांचा ब्रेडेड फ्लेक्झिबल होज टाकला आणि क्लॅम्पखाली रबर घातलं, अर्धी तक्रार त्याच दिवशी संपली. तुझ्या फोटोत पण पाइप भिंतीलाच दिसतोय, म्हणून एवढं सांगितलं.

आता टायरचे तुकडे. रबर टाकलं की हादरा कमी होतो असं सगळ्यांना वाटतं, पण चुकीचं रबर टाकलं तर हादरा वाढतो, हे कोणी सांगत नाही. हिशोब सोपा आहे. मशीन रबरावर किंवा स्प्रिंगवर ठेवल्यावर ते किती मिलीमीटर दबलं ते मोज, त्याचं वर्गमूळ काढ, आणि १५.८ ला त्याने भाग. जो आकडा येईल तेवढ्या वेळा सेकंदाला ते मशीन स्वतःहून डोलतं. टायरचा तुकडा साधारण २ एमएम दबतो, म्हणजे ११ च्या आसपास. आणि तुझ्या कॉम्प्रेसरचं हेड, म्हणजे पिस्टन-सिलिंडरचा वरचा भाग, साधारण ७५० आरपीएमला फिरत असणार, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा. ११ आणि १२.५! झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं झालं की नाही? म्हणून तू लिहिलंयस की 'रबर टाकल्यापासून मशीन नाचतं'. ते नाचणारच. साडेबाराचा हादरा नीट तोडायचा तर मशीनचं स्वतःचं डोलणं ५ च्या जवळ आणायला पाहिजे, म्हणजे १० एमएम दबायला पाहिजे, आणि एवढं दबणारं म्हणजे स्प्रिंग माउंट, रबर पॅड नाही. नुसत्या हलक्या मशीनखाली स्प्रिंग लावलं तर ते फार हलतं, त्यासाठी आधी चॅनलच्या फ्रेममध्ये काँक्रीट भरून दीडशे-दोनशे किलोचा बेस कर, मशीन त्यावर बोल्ट कर आणि बेसखाली चार स्प्रिंग. चालू-बंद होताना क्षणभर जोरात हलेल, घाबरू नको, तो त्या डोलण्याचा स्पीड पार करतानाचा झटका असतो. पण म्हणूनच होज आणि मोटरची केबल दोन्ही सैल लूप देऊन सोडायची, ताणून नाही.

हादरा झाला, आता सक्शन. बेल्टवाल्या पिस्टन कॉम्प्रेसरचा सगळ्यात मोठा आवाज बरेचदा पिस्टनचा नसतोच, तो हवा ओढायच्या तोंडाचा असतो. दोन सिलिंडर, प्रत्येक फेरीला एकेकदा हवा ओढणार, म्हणजे सेकंदाला २५ झटके, आणि त्यांच्या पटीतले ५०, ७५, १००. हा जो 'धबधबधब' आहे ना तो सगळा खालच्या पट्टीतला आवाज आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यासमोर अंड्याचा ट्रे म्हणजे हत्तीसमोर पापड. ट्रे फार तर टाळीचा खणखणाट थोडा मऊ करेल, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवायला त्याच्यात वजनच नाही. थर्माकोलचं तर नावच काढू नको, वजन शून्य आणि वर जळतो.

सक्शनची टेस्ट फुकटात होते. फिल्टर काढ, त्या जागी एक साइज मोठा रबर होज लाव, लांब नेऊन दुसरं तोंड पार्किंगच्या बाहेर सोड (तोंडावर फिल्टर लाव, धूळ ओढू देऊ नको) आणि मशीन चालू करून बघ. आवाज होजच्या तोंडासोबत बाहेर गेला तर चोर सापडला. मग त्याच्यासाठी सायलेन्सर बनव, ६ इंची एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा दोन फुटी तुकडा, दोन्ही बाजूंना झाकणं वेल्ड, एका बाजूने नळी आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, बस. पातळ पत्र्याचा डबा वापरू नको, तो ढोलासारखा वाजतो. आणि एक गोष्ट अगदी जपून, वेल्डिंग झाल्यावर आतून खरवडून, हवा मारून, धुऊन मगच लाव. आतला एक वेल्डिंगचा दाणा सुटला तर तो सरळ व्हॉल्व्ह प्लेटवर जाऊन बसतो, मग तुझा सायलेन्सर हेडच्या खर्चात पडेल. या सायलेन्सरचा दुसरा फायदा म्हणजे हवा डब्याबाहेरून थंड येते. सक्शनची हवा ४ डिग्री गरम झाली की वीज साधारण १ टक्का जास्त लागते, त्यामुळे डब्यातली गरम हवा मशीनलाच परत पाजणं हा दुहेरी तोटा.

मधेच आठवलं म्हणून, बंद होताना प्रेशर स्विचमधून जो 'फुस्स' येतो त्याला छोटा ब्राँझचा सायलेन्सर मिळतो, बसवून टाक, काकू त्यानेच दचकत असतील. आणि लाइनला साबणाचं पाणी लावून लीकेज बघ. लीकेज बंद केलं तर मशीन कमी वेळा चालू होतं, आणि बंद मशीनइतकं शांत मशीन कुठलंच नाही. ब्रॅड गन (बारीक खिळे मारायची) आणि स्प्रे गनला १० बार प्रेशर लागत पण नाही, कटऑफ, म्हणजे मशीन आपोआप बंद व्हायचं प्रेशर, ७ वर आण. कोणी सांगेल मोटरची पुली छोटी करून स्पीड कमी कर, आवाज खरंच कमी होतो, पण या हेडमध्ये तेल उडवून लुब्रिकेशन होतं, फार हळू फिरवलं तर तेल वरपर्यंत पोचत नाही. कंपनीने दिलेल्या कमीत कमी आरपीएमच्या खाली जायचं नाही.

एवढं केल्यावर उरला तो डबा, आता तो नीट करू.

डब्याचं गणित वजनाचं आहे. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ५-६ डेसिबल कमी होतात. तुझा १२ एमएम प्लाय स्क्वेअर मीटरला ८ किलोच्या आसपास. त्याच्यावर बाहेरून १२ एमएम सिमेंट बोर्ड मार, आपल्याकडे सगळे बायसन पॅनल म्हणतात तो, तो एकटा १५ किलो. झाले २३ किलो, जवळपास तिप्पट, म्हणजे कागदावर ९ डेसिबलचा फायदा, आणि तुझं जुनं प्लाय पण वाया गेलं नाही. दोघांच्या मध्ये गाडीच्या दारात लावतात तशी डॅम्पिंग शीट टाकलीस तर अजून चांगलं, पॅनल वाजत नाही, ठोकून बघ, 'टण्ण' ऐवजी 'ठप्प' येतं. पण डबा मोठा करावा लागेल. आत्ता तू मशीनभोवती चार बोटं जागा ठेवलीयस, त्यात हवा पण फिरत नाही आणि अडकलेली हवा स्प्रिंगसारखी होऊन पॅनलला हादरवते. सगळ्या बाजूंनी एक फूट ठेव, बेल्टच्या बाजूला थोडं जास्तच. मशीनचा अंदाज घेऊन बाहेरून १.९ बाय १.१ मीटर, उंची १.४ धर. साडेदहा स्क्वेअर मीटर पॅनल झालं, म्हणजे फ्रेम सोडून अडीचशे किलो. म्हणून अखंड डबा करू नको, पाच पॅनल कर, एमएस अँगलच्या फ्रेमवर बोल्टने बसणारे. सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला आणि डबा हलेना, मग तो हातोडीने रस्ता काढतो, माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आणि डबा जमिनीवर उभा राहील, मशीनच्या बेसवर नाही, दोघांचा एकमेकांना कुठेही स्पर्श नको.

आतून ५० एमएम रॉकवूल, ४८ किंवा ६४ डेन्सिटीचा (घनमीटरला तेवढे किलो) स्लॅब. त्यावर काळा ग्लास टिश्यू आणि त्यावर जाळीचा पत्रा, भोकं चांगली मोकळी असलेला, नाहीतर पत्रा आवाज परत फेकतो. काही जण पीयू फोम लावतात, दिसायला स्टुडिओसारखा भारी दिसतो, पण गरम हेड, तेलाची वाफ आणि वीज एकाच डब्यात असताना आत फोम नको म्हणजे नको. रॉकवूल जळत नाही. कापताना मास्क, हातमोजे, फुल बाहीचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसशील. आणि खालच्या कडा पत्र्याने बंद कर, उंदरांना रॉकवूलच्या मागे घर करायला फार आवडतं.

फटी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. डब्याच्या एकूण पृष्ठभागाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तरी तो डबा २० डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही, भिंती मग किल्ल्याच्या का असेनात. तुझ्या डब्यात १ टक्का म्हणजे साधारण एक फूट बाय एक फूट, आणि तुझ्या दाराखालची फट, केबलचं भोक, ड्रेनचं भोक मिळून तेवढं सहज होतंय. रात्री पार्किंगचे दिवे बंद कर, डब्यात २०० वॅटचा बल्ब लावून दार लाव, आणि भोवती फिर. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. मी अजून प्रत्येक डब्याला ही टेस्ट करतो, गिऱ्हाइकाला पण पटते. दाराला पोकळ डी रबर गॅस्केट, आणि साधी कडी नाही तर खेचून दाबणारे टॉगल क्लॅम्प, वर एक खाली एक. केबल-पाइपच्या भोकांना सीलंट.

आता तू म्हणशील सगळं बंद केलं तर मोटर २५ मिनिटांत नाही, १० मिनिटांत ट्रिप होईल. बरोबर आहे, आणि माझ्या मते खरा डबा इथून सुरू होतो. आवाज कोंडणं कोणालाही जमतं. माझा पहिलाच डबा, सातपूरला एका छोट्या शेडमध्ये, असा पॅक केला होता की बाहेर उभं राहून गप्पा मारता यायच्या. मालक खूश, मी पण खूश, फोटोबिटो काढले. दीड महिन्यात फोन आला. हेड उघडलं तर डिलिव्हरी व्हॉल्व्हवर काळा कोळसा जमलेला, तेल डांबरासारखं झालेलं, आणि मोटरचं वाइंडिंग गेलेलं. रिवाइंडिंग माझ्या खिशातून केलं. तो कोळसा नुसता खराब दिसतो असं नाही, डिलिव्हरी लाइनमध्ये तो पेट पण घेऊ शकतो. तेव्हापासून मी आधी हवेचा हिशोब करतो, मग पॅनल कापतो.

हिशोब असा. ३ एचपी म्हणजे २.२ किलोवॅट, मोटर वीज ओढते साधारण २.६, आणि टाकी पण डब्यातच असल्यामुळे यातली जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन डब्यातच पडते. अडीच हजार वॅटचा गीझर डब्यात ठेवलाय असं समज. आपल्या नाशिकला एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो आणि मोटरची नेमप्लेट बघ, ती बहुतेक ४० डिग्रीच्या हवेसाठीच असते, म्हणजे उन्हाळ्यात तुझ्या हातात शिल्लक काहीच नाही. त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा ८ डिग्रीच्या वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी तासाला साधारण ९५० ते १००० घनमीटर हवा, सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) ५७० च्या आसपास. मशीन अर्धा वेळच चालतं म्हणून अर्धा पंखा लावू असं करू नको, ज्या दिवशी पॉलिशचं काम असतं त्या दिवशी ते सलग चालतं. आणि पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेचा असतो, वळणांतून हवा ढकलताना तो बराच पडतो, म्हणून दीडपट-दुपटीचा घे. १४०० आरपीएमचा घेतलास तर पंखाच कॉम्प्रेसरपेक्षा जास्त ओरडेल, ९०० चा मोठ्या पात्यांचा घे.

पण हवेला रस्ता दिला म्हणजे आवाजाला पण दिला ना? म्हणून रस्ता वाकडा द्यायचा. हवा वळणातून जाते, आवाज प्रत्येक वळणावर रॉकवूलला आपटून थोडा थोडा मरतो. आत येणारी हवा खालून, मोटरच्या बाजूने, बाहेर जाणारी वरून, हेडच्या बाजूने. दोन्हीकडे डब्याला बाहेरून लागून एक प्लायचा बोगदा कर, आतून ५० एमएम रॉकवूल, किमान दोन काटकोनी वळणं, आणि बोगद्याची मोकळी जागा रॉकवूल लावल्यावर उरलेली ३० बाय ४० सेंटीमीटर पाहिजे. एवढी मोठी का, तर हवा सेकंदाला २-२.५ मीटरच्या वर पळाली की तीच शिट्टी मारते. पंखा बोगद्याच्या आतल्या तोंडाशी लाव, बाहेरच्या नाही, म्हणजे पंख्याचा आवाज पण बोगद्यातच जिरतो. कॉम्प्रेसरची मोठी पुली स्वतःच पंख्यासारखी हेडवर हवा मारते, ती ज्या दिशेला मारते त्याच दिशेला तुझी बाहेरची वाट ठेव, उलटी ठेवलीस तर दोन पंखे भांडत बसतील. झाल्यावर अगरबत्ती पेटवून खालच्या तोंडाशी धर, धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे. मग डब्याच्या आत कोपऱ्याकोपऱ्यात फिरव, जिथे धूर नुसता घोटाळतोय तिथे गरम हवा साचणार, तिथे एखादी पत्र्याची पट्टी लावून हवा वळव. दोन्ही तोंडं पावसाच्या झडीच्या उलट बाजूला, वर छज्जा.

पंखा कॉम्प्रेसरच्या काँटॅक्टरवरूनच, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवरूनच, चालू झाला पाहिजे आणि मशीन बंद झाल्यावर १० मिनिटं चालत राहिला पाहिजे, ऑफ-डिले टायमर मिळतो. शिवाय आत हेडच्या वर एक थर्मोस्टॅट, ५५ डिग्रीला मशीन बंद. पंखा कधीतरी बंद पडणारच, आणि डब्यात असल्यामुळे ते कोणाला कळणार नाही. तुझा स्टार्टर पण डब्यात आहे असं दिसतंय, तो आधी बाहेर काढ. त्यातला ओव्हरलोड रिले (जास्त लोड आला की वीज तोडणारा) उष्णतेवरच चालतो, गरम डब्यात तो मोटरच्या आधीच तापून ट्रिप मारतो, २५ मिनिटांतलं अर्धं कारण तेच असू शकतं. आणि थिनर, पॉलिशचे डबे या डब्याच्या तोंडापासून लांब, वाफ आत ओढली जाते.

किती फरक पडेल? हे सगळं नीट केलं तर २० ते २५ डेसिबल. ३० सांगणारा भेटला तर त्याला लेखी मागायचं. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे २० ला पाव, त्यामुळे हे कमी नाही. एक मीटरवर ८५ येत असेल तर ६० च्या घरात येईल आणि वर काकूंकडे अजून खाली. रहिवासी भागात नियमाने दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत. दिवसाचं जमेल. रात्रीचं ४५ या मशीनला डब्यासकट पण अवघड आहे, त्यामुळे संध्याकाळी ७ नंतर टाकी भरून ठेव आणि मशीन बंद, तसं काकूंना स्वतः जाऊन सांग. फोनच्या अ‍ॅपने मोजशील तर आधी आणि नंतर एकाच फोनने, एकाच जागेवरून मोज, आणि लक्षात ठेव की ते अ‍ॅप खालच्या पट्टीतला धबधब कमी दाखवतं. आकडा छान आणि काकू नाराज असं झालं तर काकू बरोबर आहेत.

राहिलं ड्रेनचं. डबा झाला की टाकीखालचं पाणी सोडायला कोणी वाकत नाही, पावसाळ्यात तर टाकीत लोटाभर पाणी रोज जमतं आणि टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी फुटते तेव्हा डबाबिबा काही वाचवत नाही. ड्रेनला नळी लावून कॉक डब्याबाहेर आण, प्रेशर गेज बाहेर दिसेल असा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग हात घालून ओढता येईल एवढी छोटी झडप ठेव, गॅस्केटवाली. ऑइल काचेसमोर पण एक.

आज काही कापू नको. आज फक्त टायर काढ, स्टार्टर बाहेर घे, पाइपमध्ये होज टाक, आणि काकूंच्या ओट्यावर पाण्याची वाटी ठेवून व्हिडिओ काढ, एक होज टाकण्याआधीचा आणि एक नंतरचा. हेडचा आरपीएम आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पण पाठव, म्हणजे पंख्याचा आणि स्प्रिंगचा आकडा पक्का करून सांगतो.